पेपरला इम्पॅक्ट फॅक्टर नसतो

प्राध्यापकांच्या निवड समितीत बसलं की हमखास एक बायोडेटा हाती येतो, ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर ३८.६’ असं ठळक अक्षरांत लिहिलेला. उमेदवाराने प्रत्येक पेपरपुढे, म्हणजे शोधनिबंधापुढे, तो छापणाऱ्या जर्नलचा, म्हणजे संशोधन नियतकालिकाचा, आकडा लिहून बेरीज केलेली असते. सरासऱ्यांच्या अशा बेरजेला काडीचाही अर्थ नाही, आणि ती पाहून माना डोलावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सायटेशन म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे: तुमच्या पेपरचा दुसऱ्याने दिलेला संदर्भ. ते पेपरचं. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतले पेपर.

घोळ होतो तो इथेच. ही सरासरी एकटा पेपरही फुगवू शकतो. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या स्फटिकशास्त्राच्या जर्नलच्या ए विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५ होता. त्याच वर्षी जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणक प्रणालीवरचा लेख तिथे आला. स्फटिकांची रचना काढायला शेलएक्स वापरणारे त्याचाच संदर्भ देऊ लागले. २००९ चा आकडा ४९.९३! लेख दोन वर्षांच्या चौकटीबाहेर गेला आणि २०११ साली आकडा पुन्हा दोनच्या घरात. शेजारचे पेपर मात्र होते तसेच होते.

आता युजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली लावून बघा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ ते ५ असेल तर पेपरला २० गुण, १० च्या वर ३०. म्हणजे २००९ साली त्या जर्नलमध्ये छापून आलात तर ३०, दोन वर्षांनी आलात तर २०. वर्गातली एक मुलगी बोर्डात पहिली आली म्हणून अख्ख्या वर्गाला नव्वद टक्के द्यायचे का?

सायटेशनही गुणवत्ता नव्हे. चूक दाखवायलाही संदर्भ देतात. एच-इंडेक्स, म्हणजे किमान तितकी सायटेशन्स मिळालेले तुमचे किती पेपर आहेत तो आकडा, वयाबरोबर वाढतो, तोही बाजूला ठेवा.

व्यक्तीचं काम जर्नलच्या आकड्यावरून तोलू नका, असं २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात, म्हणजे ‘डोरा’त, स्वच्छ लिहिलंय. मी उमेदवाराकडून निवडक पाच पेपर मागते आणि प्रत्येकावर चार ओळी: प्रश्न काय होता, तुम्ही स्वतः काय केलंत, पुढे ते कुणाच्या उपयोगी पडलं. मग त्यातला एक तरी पूर्ण वाचते. मागच्या खेपेस एका मुलीने मातीच्या नमुन्यांचा सगळा डेटा खुला ठेवला होता. जर्नल अगदी साधं. रात्री बसून तिचा एक तक्ता पुन्हा काढला, आकडे जुळले.