वन्यप्राण्यांचं शहरी अनुकूलन (खान्देश)

जंगली जनावर गावात चुकून शिरलं तर ते अनुकूलन नाही. ते तिथंच खायला लागलं, पिलं वाढवायला लागलं, माणसाच्या वेळा ओळखून फिरायला लागलं की मग ते शहरी अनुकूलन. अभ्यासाचा वेगळा विषय म्हणून हे साधारण १९७० च्या दशकाच्या शेवटी पुढं आलं, पोलंडमध्ये, वॉर्सा शहरातल्या पट्टेरी उंदरांवरच्या कामातून. वाद मुख्यतः एकच, हा बदल शिकलेली सवय आहे का पिढ्यांमधून उतरलेला फरक. पोर्तो रिकोतल्या शहरी सरड्यांचे पाय लांब झाल्याचं २०१६ मध्ये दाखवलं गेलं, तो फरक जनुकांतला धरतात. उलट ६२ सस्तन प्राण्यांच्या २०१८ च्या आढाव्यात माणसाजवळ प्राणी सरासरी १.३६ पट जास्त निशाचर होतात असं निघालं, ते बरचसं सवयीचं दिसतं. खान्देशापुरतं सवयीचंच पारडं जड धरलेलं बरं.

इथला खरा किचकट प्रश्न माकडांचा. काळ्या तोंडाचं वानर पूर्वापार गावच्या चिंचेवर नि कौलांवर आहेच, त्याच्यावर वाद नाही. वाद लाल तोंडाच्यांचा. जुन्या ग्रंथांत उत्तरेकडचं ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचं बॉनेट माकड यांची हद्द पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी अशी देतात, म्हणजे ती थेट खान्देशातूनच जाते! ऱ्हीससची शेपटी आखूड नि कमरेखाली नारिंगी झाक, बॉनेटची शेपटी लांबलचक नि डोक्यावर केसांचा भोवरा. १९८१ मध्ये फूडन, महाबळ आणि साहा यांनी ही हद्द नव्यानं तपासली, मग २०११ मध्ये कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा यांनी ऱ्हीसस दक्षिणेला सरकतंय नि बॉनेटची जागा जातेय असं मांडलं. नदीच आडवी येते हे मत आता फारसं टिकत नाही, भुसावळजवळ तापीवर रेल्वेचा पूल आहे, शिवाय एका गावात पकडलेली माकडं दुसरीकडं नेऊन सोडतात आणि शनिवारी मारुतीपुढं केळी-फुटाणे मिळतात ते वेगळंच, त्यामुळं हद्द नदीपेक्षा माणसानंच हलवली असं मानणं जास्त सयुक्तिक.

बिबट्याचं प्रकरण शहरापेक्षा शेताचं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या अभ्यासात (२०१३) शेतीच्या मुलखात दर १०० चौ.किमी.ला ४.८ प्रौढ बिबटे आढळले, नि पुढच्या कामात त्यांच्या खाण्यात वजनानं सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथं आडोसा उसाचा, इकडं रावेर-यावलकडं केळीच्या बागांचा: बारमाही ओल, दाट सावली, रात्री आत कुणी नाही. मुक्ताईनगरच्या डोलारखेडा भागात तर वाघाचा वावर सांगतात.

वटवाघळं वस्तीतल्या मोठ्या वड-चिंचांवर दिवसा लटकतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा ती पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओलं करतात, म्हणून पाणी जवळ असलेली झाडं त्यांना सोयीची. फळं खाणारी ही वटवाघळं वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती उपद्रवींची यादीच गेली.

घारी नि बगळे धुळ्यात पांझरेकाठी दिसतात. नंदुरबारकडं गावं लहान नि सातपुडा लागूनच, तिथल्या नोंदी जंगलाच्याच जास्त.