भाद्रपद ते कोजागिरी: सोलापूरच्या मंडळांची पार्श्वभूमी

ऑगस्ट सरत आला की सोलापूरच्या वर्तमानपत्रांची आतली पानं एकाच तऱ्हेच्या बातम्यांनी भरायला लागतात. अमुक तालमीच्या उत्सव अध्यक्षपदी अमुक, मिरवणूक प्रमुख तमुक, खजिनदार बिनविरोध, आणि वर चार-पाच छोटे फोटो. बाहेरगावच्या वाचकाला हे पान भरण्याचं काम वाटतं. इथल्या माणसाला मात्र त्या यादीतून पुढच्या दोन-अडीच महिन्यांचा अंदाज येतो. पावतीपुस्तक घेऊन दारात कोण उभा राहणार, पोलीस ठाण्यातल्या बैठकीला कोण जाणार, कोजागिरीच्या रात्री तुळजापूर रस्त्यावर चहाची पातेली कोण चढवणार, हे सगळं त्या नावांवरून कळतं. गणपती, देवी आणि कोजागिरी अशी तीन कामं असली तरी मांडवाचे वासे आणि राबणारी पोरं बहुतेक तीच असतात. ही व्यवस्था कशी बसत गेली, ते सांगण्यासाठी ही टिपणी.

सुरुवात बहुधा आजोबा गणपतीपासून केली जाते. श्रद्धानंद समाजाच्या या गणपतीची स्थापना १८८५ ची, असं शहर अभिमानानं सांगतं. पुण्यात भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा आणि टिळकांनी उत्सवाला राजकीय धार दिली ती त्यानंतर. म्हणजे सोलापूरचा मान सात-आठ वर्षांनी थोरला. पहिलं कोण, या वादात दरवर्षी बरीच शाई खर्च होते. मला त्यात फारसा रस नाही. त्या काळात हे शहर कशातून जात होतं, हे जास्त सांगण्यासारखं आहे.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ दख्खनवर पडला, त्यात सोलापूर जिल्हा पुरता होरपळला. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तीच पुढं 'जुनी गिरणी' झाली. नंतर नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. खेड्यातून उठलेला मराठी शेतकरी, कन्नड बोलणारा लिंगायत, निजामाच्या मुलखातून आलेला तेलुगू पद्मशाली विणकर, उर्दू बोलणारा मोमीन विणकर असे सगळे एका भोंग्याच्या आवाजाच्या टप्प्यात राहायला आले. पूर्व भागात मागांचा खटखटाट, गावठाणात जुन्या पेठा, लष्करात वेगळी वस्ती. नगरपालिका १८५२ पासून होती, पण गल्लीतलं भांडण, कुणाच्या घरची मयत, कुणाला गिरणीत चिकटवणं, या गोष्टी तिच्याकडं न्यायच्या नसतात. त्या तालमीत जायच्या किंवा समाजाच्या पंचांकडं.

म्हणून सोलापुरात 'मंडळ' म्हटलं तरी त्याच्या मुळाशी बऱ्याचदा तालीम निघते. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आज मिरवणुकीच्या बातम्यांत येतात, पण ती आहेत आखाड्यांची. लाल मातीत कुस्ती, बाहेर ओट्यावर बैठक, आणि सणाला तीच पोरं लेझीम घेऊन रस्त्यावर.

लेझीमवर जरा थांबायला हवं, कारण सोलापूरचा गणपती ओळखला जातो तो तिच्यामुळं. मोठ्या मूर्ती आणि देखावे इतर शहरांतही असतात. इथं मात्र विसर्जनाच्या दिवशी लोक रस्त्याच्या कडेला तासन् तास उभे राहतात ते डाव पाहायला. मूळची लेझीम व्यायामाची. धनुष्यासारख्या वाकलेल्या काठीला लोखंडी साखळी आणि तिच्यात चकत्या, दहा मिनिटं हलवली की खांदे भरून यावेत. हातातली आखूड, हलकी लेझीम नंतरची. ढोल, ताशा, हलगीच्या ठेक्यावर दोन-दोनच्या, चार-चारच्या ओळी एकदम बसतात, उठतात, वळतात. शंभर-दोनशे जणांचा ताफा एका शिट्टीवर डाव बदलतो, आणि हे आयत्या वेळी जमत नाही. त्यासाठी महिना-दीड महिना आधीपासून रात्री सराव चालतो. पाळी सुटलेला कामगार घरी जेवून सरावाला यायचा. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पण सरावाची वेळ अजून रात्रीचीच आहे. आता मुलींची पथकं असतात. चाळीस वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर तालमीच्या वस्तादानं हसण्यावारी नेलं असतं.

मंडळं वाढली तशी मिरवणुकीत पुढं कोण, मागं कोण, यावर डोकी फुटायची वेळ यायला लागली. त्यावर शहरानं काढलेला तोडगा म्हणजे विभागवार मध्यवर्ती मंडळं. गावठाणाची एक मध्यवर्ती, पूर्व विभागाची वेगळी, लष्कर विभागाची वेगळी. शहर विजापूर रोड आणि होटगी रोडकडं पसरलं तशी तिकडंही. मध्यवर्तीकडं मूर्ती असते, पण तिचं खरं काम वाटाघाटीचं. क्रम ठरवणं, मार्ग ठरवणं, रुसलेल्या मंडळाला समजावणं, प्रशासनाशी एका तोंडानं बोलणं. शांतता समितीच्या बैठकीतही हीच माणसं दिसतात, आणि शेजारच्या खुर्चीत मोहरमचे पंजे बसवणारे किंवा ईद-ए-मिलादच्या जुलूसचे कारभारी. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस पुढं ढकलला. असे निर्णय होतात ते या जुन्या ओळखींच्या जोरावर, आदल्या रात्रीच्या पत्रकावर नव्हे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला ती तात्पुरती मिळते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. मांडवाला महापालिकेची परवानगी, विजेला तात्पुरतं कनेक्शन, ध्वनिक्षेपकाला पोलिसांचा परवाना. आवाजाचे नियम २००० सालचे आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते. नियम झाले तरी मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर यायचे थांबले नाहीत. त्यांच्यापुढं हलगी ऐकूच येईना, मग लेझीम खेळायची कशावर? २०२५ च्या उत्सवाच्या तोंडावर शहरात डीजेमुक्तीच्या मोहिमेनं जोर धरला. त्यात डॉक्टर होते, ज्येष्ठ नागरिक होते, पण मला वाटतं खरी धार आली ती जुन्या तालमींतल्या लोकांमुळं. त्यांना शांतता हवी होती असं नाही, त्यांना ठेका परत हवा होता.

गणपती गेले की पंधरा दिवस पितृपक्षाचे. मांडव कुठं उतरतो, कुठं नुसता सांगाडा राहतो. २०२० मध्ये अधिक आश्विन आल्यानं हा पंधरवडा संपल्यावर नवरात्रासाठी आणखी महिना थांबावं लागलं, आणि त्या वर्षी करोनामुळं तसंही काहीच नव्हतं.

नवरात्रात सोलापूरचा रंग बदलतो. इथली मंडळं जिची प्रतिष्ठापना करतात तिला 'शक्तीदेवी' म्हणतात. पहाटे रूपाभवानीच्या देवळाकडं अनवाणी जाणाऱ्यांची रीघ लागते. तुळजापूरला रोज जाणं शक्य नसलेल्या शहरासाठी ती घरची भवानी. आणि पूर्व भागात याच दिवसांत बतुकम्मा. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस तेलुगू बायका ताटात फुलांची उतरंड रचतात, मध्ये ठेवून फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात. मुख्य फुलं तंगेडू आणि गुनुगू. म्हणजे आपली तरवड आणि कुरडू. दोन्ही पावसाळ्याच्या शेवटी माळरानावर, बांधावर आपोआप उगवणारी. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणारा आपला हादगा आणि ही बतुकम्मा यांचा हंगामही एक आणि खेळण्याची तऱ्हाही जवळची, मग एका शहरात दोघींची गाठ पडली यात नवल नाही.

२०१४ मध्ये नव्या तेलंगणानं बतुकम्माला राज्य उत्सवाचा दर्जा दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून सोलापुरात ती विडी वळणाऱ्या आणि मागावर कांड्या भरणाऱ्या बायकांनी चालवलेली आहे. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, फोटो नाहीत. म्हणून वर्तमानपत्रांत ती फार उशिरा आली. मंडळांचा इतिहास लिहिताना कागदावर सापडणाऱ्या गोष्टींनाच महत्त्व येतं, आणि बायकांनी केलेलं बरंचसं काम कागदावर नसतं.

दसऱ्यानंतर शहराचं तोंड उत्तरेकडं वळतं. तुळजाभवानी दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रेला जाते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनासाठी सोलापुरातून तुळजापूरपर्यंत सुमारे ४५ किलोमीटर लोक चालत जातात. कर्नाटकातून आणि दक्षिणेकडून आलेले भाविकही शहरातूनच पुढं जातात. वाहतूक दुसऱ्या मार्गानं वळवली जाते आणि उळे, तामलवाडी मागं टाकत घाटापर्यंत रात्रभर माणसांचा लोंढा चालू राहतो. मुलं खांद्यावर, चपला हातात, 'आई राजा उदो उदो'. सोलापूरच्या मानाच्या काठ्याही याच यात्रेत तुळजापूरला पोचतात.

आज हा रस्ता सलग वाटतो. पण १९५६ पर्यंत ही वाट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. सोलापूर १८१८ पासून इंग्रजांकडं, तर तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरीचे नाके, मालावर जकात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तर स्टेट काँग्रेसची अनेक शिबिरं याच सरहद्दीच्या अलीकडं, सोलापूर जिल्ह्याच्या बाजूला उभी होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली आणि महिन्याभरानं कोजागिरी आली. त्यानंतर आठ वर्षांनी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. देवी सोलापूरकरांची, देऊळ दुसऱ्या राज्यात, असा तो काळ होता; आणि या वाटेवर पुढं जो सेवेचा पसारा उभा राहिला, त्यात शहराचा हक्क सांगण्याचाही थोडा भाग असावा असं मला वाटतं.

हा पसारा आता एवढा आहे की चालणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नाही. ठिकठिकाणी मंडप, चहा, दूध, केळी, उप्पीट, शाबूची खिचडी, पाय चोळून देणारे तरुण, फोड आलेल्या तळव्यांना मलमपट्टी. यात गणपतीची मंडळं असतात, व्यापारी संघटना असतात, जातीनिहाय संस्था असतात, मुस्लिम तरुणांचे गटही असतात. गणपतीतून उरलेली वर्गणी इथं खर्ची पडते आणि हिशेबाच्या कागदावर 'कोजागिरी सेवा' अशी एक ओळ वाढते. सकाळी रस्त्यावर पडलेला कागदी कपांचा खच हा मात्र या सेवेचा न सांगितला जाणारा भाग. तो उचलायला महापालिकेची आणि ग्रामपंचायतींची माणसं लागतात, आणि त्यांचे सत्कार होत नाहीत.

गेल्या तीसेक वर्षांत या सगळ्याला एक नवा कारभारी मिळाला: गृहनिर्माण संस्था. गिरण्या बंद पडल्या, शहर जुळे सोलापूर आणि त्याही पलीकडं सरकलं, अपार्टमेंट आली. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली. रे नगरात तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. या वस्त्यांत तालीम नाही, पेठ नाही, पंच नाहीत. असते ती कमिटी.

कमिटीचं वेळापत्रक पंचांग ठरवत नाही, कायदा ठरवतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणं वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सप्टेंबर म्हणजे नेमका गणपती, पितृपक्ष किंवा नवरात्राचा महिना. मग सभेची नोटीस आणि आरतीची वेळ एकाच फलकावर लागते. पितृपक्षात सभा नको म्हणणारे सभासद असतात, आणि बाकी तारखांना सचिव मोकळा नसतो. पाण्याचा विषय निघाल्याशिवाय सभा संपत नाही, कारण सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि टँकरचा खर्च कुणी किती द्यायचा हे दरवर्षी नव्यानं ठरतं.

गच्चीवरच्या कोजागिरीचा वाद त्याच सभेत सुरू होतो. आटीव दूध, बदाम, केशर, पोरांची अंताक्षरी हे सगळं देखभाल निधीतून करायचं की वेगळी वर्गणी काढायची? भाडेकरूंकडून घ्यायची का? जे त्या रात्री तुळजापूरला चाललेले असतात त्यांनी द्यायची का? बहुतेक ठिकाणी तोडगा एकच निघतो: खर्च वेगळ्या वर्गणीतून, दूध सगळ्यांना, आणि चालत गेलेल्यांच्या वाटणीचं पातेलं दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी फ्रिजमध्ये.