साबुदाणा कुठल्या शास्त्रात?

आषाढी आली की घरोघरी वाद ठरलेला: खिचडीत कोथिंबीर चालते का? आमच्याकडे आजी ती काडी काडी निवडून ताटाच्या कडेला ठेवते. ‘शास्त्रात नाही!’ त्याच ताटातली मिरची, बटाटा, दाण्याचं कूट मात्र बिनबोभाट चालतं. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, १५ व्या शतकाअखेरपर्यंत भारतात नव्हतीच. साबुदाणाही कसाव्याच्या कंदाचा, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूत सेलमकडे कंद किसून, सत्त्व खाली बसवून, त्याचे दाणे वळून भाजतात. जुन्या धर्मग्रंथांत तो येणार कुठून? धान्य नाही, कंद आहे, म्हणून रूढीने आत घेतलं, इतकंच. भगर मात्र खरी जुनी, पण तिच्यासाठी कोण भांडतंय!