द्विभाषिक शाळेच्या अभ्यासक्रमात प्रवास कुठून आला

विज्ञान, भूगोल यांसारखे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या अनेक द्विभाषिक शाळा आज भागीदार शाळेशी देवाणघेवाण, यजमान कुटुंबातला मुक्काम, संस्कृतीवरचे प्रकल्प हे सगळे अभ्यासक्रमातच धरतात. वरवर पाहता ही हौसेची भर वाटते. प्रत्यक्षात ती एका उणिवेवरचा इलाज म्हणून रुजली, आणि ती उणीव ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

भाषा आणि प्रवास यांची सांगड तशी जुनी. मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसने सतराव्या शतकात शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे आखले. त्यातला शेवटचा, १८ ते २४ या वयाचा, विद्यापीठ आणि प्रवास यांसाठी राखलेला होता. इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांतले तरुणही शिक्षक बरोबर घेऊन दोन-तीन वर्षे फ्रान्स-इटलीत काढू लागले. दोन्हीकडे क्रम एकच होता : आधी पुस्तक, मग प्रवास. शाळकरी वयाला त्यात जागा नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषांतराला फाटा देऊन थेट त्या भाषेतच शिकवण्याची चळवळ युरोप-अमेरिकेत पसरली. पाठोपाठ, १९०५पासून, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी एकमेकांच्या शाळांत तरुण भाषा-सहायक पाठवायला सुरुवात केली. सगळा वर्ग परदेशी नेता येत नसेल, तर त्या भाषेचा माणूस वर्गात आणावा, हा विचार इतका टिकाऊ निघाला की द्विभाषिक शाळांत आजही सहायक दिसतो. त्याच्याकडून व्याकरण शिकवून घेणे म्हणजे त्याला वाया घालवणे. पाच-सहा मुलांच्या गटाशी गप्पा मारणे, हे त्याचे खरे काम.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९५३मध्ये लक्झेंबर्गला पहिली ‘युरोपियन स्कूल’ निघाली. युरोपीय कोळसा आणि पोलाद समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या, अधिकाऱ्यांची मुले तिथे शिकत. प्रत्येक मूल मुख्यतः आपल्या भाषेत शिकायचे, पण दुसरी भाषा पहिलीपासून, आणि माध्यमिक वर्गांत इतिहास-भूगोल त्या दुसऱ्या भाषेतून. प्राथमिक वर्गांतले ‘युरोपियन तास’ ही या शाळांची फार मोलाची गोष्ट. वेगवेगळ्या भाषांच्या तुकड्यांतली मुले एकत्र बसून हस्तकला, स्वयंपाक, खेळ करतात. हातात काम असल्यामुळे बोलणे आपोआप गरजेचे होते.

१९६३च्या फ्रान्स-जर्मनी करारानंतर दोन्ही देशांनी मिळून युवक कार्यालय स्थापले आणि शालेय देवाणघेवाणीला पैसा मिळू लागला. जर्मनीत द्विभाषिक शाखा उभ्या राहिल्या, आधी फ्रेंचसाठी, नंतर मोठ्या संख्येने इंग्रजीसाठी. त्यांची रचना अभ्यासण्याजोगी आहे : पाचवी-सहावीत भाषेचे साधारण दोन तास जादा, आणि मग सातवीपासून भूगोल त्या भाषेतून. आधी भूगोल का, तर नकाशे, आलेख, छायाचित्रे यांचा आधार असतो आणि अपुऱ्या शब्दसंग्रहावरही काम भागते. इतिहास त्यामागून येतो.

उणीव उघडी पडली ती कॅनडात. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली पालकांच्या आग्रहावरून इंग्रजीभाषक मुलांचा संपूर्ण फ्रेंच माध्यमाचा वर्ग सुरू झाला. निकाल चांगले आले : मातृभाषा मागे पडली नाही, फ्रेंच ऐकून-वाचून उत्तम कळू लागले. बोलण्या-लिहिण्यातल्या चुका मात्र वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये त्याचे कारण मांडले : मुले ऐकतात पुष्कळ, पण समोरच्याला नेमके कळावे म्हणून शब्द शोधून बोलण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येते. पुढे १९९५मध्ये टॅरोन आणि स्वेन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. या मुलांना धड्याची भाषा येत होती, समवयस्कांची येत नव्हती. चिडवणे, रुसणे, खेळात हुज्जत घालणे यांसाठी त्यांच्याकडे शब्दच नव्हते. साहजिकच जरा मोठी झाली की आपसात ती घरच्या भाषेकडे वळत. इंग्रजी माध्यमाच्या द्विभाषिक शाळेत हेच उलट बाजूने दिसते : ‘प्रकाशसंश्लेषण’ इंग्रजीत समजावणारे मूल ‘सरक जरा’ म्हणताना अडखळते. ही भाषा पुस्तकात सापडत नाही. ती समवयस्कांमध्ये राहूनच येते.

म्हणून प्रवास. पण नुसते पाठवून भागत नाही. भाषाशिक्षणाचे संशोधक रॉबर्ट डेकायझर यांनी २००७मध्ये दाखवले, की ज्यांना व्याकरण माहीत असते पण बोलताना वापरता येत नाही, ते परदेशातल्या मुक्कामाचा फारसा लाभ उठवू शकत नाहीत. मोडके वाक्य जुळवण्यातच त्यांची शक्ती खर्च होते. रोजचे साधे व्यवहार न अडता बोलता येऊ लागल्यावरच मुक्काम ठेवावा. त्याआधी भागीदार शाळेशी दूरस्थ प्रकल्प बरा. २००५मध्ये सुरू झालेल्या ‘ई-ट्विनिंग’ने, म्हणजे शाळांना ऑनलाइन जोडणाऱ्या उपक्रमाने, युरोपात ती सोय केली.

याच काळात ‘संस्कृती’ शब्दाचा अर्थही बदलला. भाषाशिक्षणतज्ज्ञ मायकेल बायरम यांनी १९९७मध्ये माहितीच्या जोडीला वृत्ती, अर्थ लावून तुलना करण्याचे कौशल्य, स्वतः शोध घेण्याचे कौशल्य आणि चिकित्सक जाणीव या गोष्टी मांडल्या. डू कॉइल यांनी विषय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या चौकटीत आशय, संवाद आणि विचार यांच्या बरोबरीने संस्कृतीला चौथा खांब केले. वर्गात याचा अर्थ असा, की सणाचा मुखवटा रंगवला म्हणजे संस्कृती शिकवून झाली असे नाही. ‘तुमच्याकडे जेवणाच्या टेबलावर न बोललेले चालते का?’ हा प्रश्न तीन घरांत विचारून उत्तरांतला फरक मांडणे, हा खरा अभ्यास.

स्पेनमध्ये माद्रिद प्रांताने २००४मध्ये २६ सरकारी प्राथमिक शाळांत इंग्रजी द्विभाषिक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या एका मूल्यमापनात, जे २०१६मध्ये प्रसिद्ध झाले, कमी शिकलेल्या पालकांची मुले इंग्रजीतून शिकवलेल्या विषयात मागे पडलेली आढळली. घरी विषय समजावणारे कोणी नसेल, तर अनोळखी भाषेचा भार दुप्पट होतो. अशा मुलांसाठी पाहून, हाताळून, विचारून शिकणे ही चैन नव्हे. पैशाअभावी सहलीतून गळतात तीही बहुधा हीच मुले, आणि हा अन्याय शाळेने आधीच्या नियोजनातच दूर करायला हवा.

दौरा फसण्याची कारणे ठरलेली असतात. तीसजण एकाच हॉटेलात उतरले की आठवडाभर घरचीच भाषा चालते. म्हणून एका कुटुंबात एकच मूल, फार तर दोन. वाटाड्या बोलतो आणि मुले फोटो काढतात. म्हणून वाटाड्याचा वेळ निम्मा करून प्रत्येक जोडीला विचारल्याशिवाय पुरे होणार नाही असे एक काम द्यावे. परतीची शेवटची बोट किती वाजता आणि चुकली तर काय, हे खिडकीवर विचारून लिहून आणणे, अशासारखे. निघण्याआधी पाच-सहा आठवडे याच प्रसंगांचा सराव हवा, नेमका प्रश्न न समजल्यावर पुन्हा विचारण्याचा तर सर्वांत जास्त. रोज संध्याकाळी वीस मिनिटे टिपणे. परतल्यावर प्रत्येकाने आपले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून स्वतःच्या चुका शोधाव्यात. हा टप्पा गाळला की स्वेन यांनी सांगितलेली चूक जशीच्या तशी राहते.

युरोपातल्या शाळांनी कुठे जायचे हेही अलीकडे बदलले आहे. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२१पासून युरोपीय संघातल्या बहुतेक शाळकरी गटांना ओळखपत्रावर प्रवेश देणे थांबवले. प्रत्येक मुलाचा पासपोर्ट, काहींचा व्हिसा, असा खर्च तेव्हा वाढला (फ्रान्सच्या शाळकरी गटांना ती सवलत २०२३च्या अखेरीस परत मिळाली). आयर्लंड आणि माल्टा हे त्यामुळे सोयीचे पर्याय ठरले. याहून चांगला पर्याय मात्र तिसऱ्याच देशातली शाळा निवडण्याचा आहे, जिथे इंग्रजी कोणाचीच घरची भाषा नसते. स्पेन आणि पोलंडची मुले भेटली की दोघांनाही इंग्रजीशिवाय गत्यंतर नसते, आणि समोरचाही अडखळतो आहे हे दिसल्यावर बुजरे मूलसुद्धा तोंड उघडते.