फंक्शनल लेव्हल वाढवायचा चेंज अर्ज: नेमका कुठे अडतो

महापेला आमच्याकडे डोमेनची (कंपनीचे युजर आणि पीसी ज्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदलेले असतात तिचा भाग) फंक्शनल लेव्हल, म्हणजे ती कुठल्या विंडोजपर्यंतच्या सोयी वापरते तो टप्पा, वाढवायचा अर्ज चेंज बोर्डाकडे (सिस्टिममधले बदल मंजूर करणारी समिती) गेला की पहिल्या फेरीत बहुतेक वेळा परतच येतो, आणि मग पोरं माझ्या डेस्कशी येऊन विचारतात की सर यात चुकलं काय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. सध्या गर्दी का, तर विंडोज सर्वर २०२५ चा डीसी (डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरी सांभाळणारा आणि लॉगिन तपासणारा सर्वर) लावायचा असेल तर लेव्हल किमान २०१६ लागते, आणि कित्येक ठिकाणी मशीन नवी आली पण लेव्हल जुन्या साहेबांनी ठेवली तिथेच आहे.

आधी पात्रता. त्या डोमेनमधला प्रत्येक डोमेन कंट्रोलर नव्या लेव्हलचा किंवा त्याहून नव्या विंडोजचा पाहिजे, बस. मेंबर सर्वर आणि पीसी जुने असले तरी लेव्हलला फरक पडत नाही, तरी लोक त्यांच्याच याद्या जोडतात. फॉरेस्टची (एका डिरेक्टरीतल्या सगळ्या डोमेनांचा गट) लेव्हल वाढवायची तर आधी सगळे डोमेन तिथे पोचलेले हवेत. आणि "२०२२ लेव्हल" असं लिहू नका हो, अशी लेव्हलच नाही, २०१६ नंतर थेट २०२५. पूर्वी कोणीतरी जुना डीसी नीट न काढता नुसता बंद करून कपाटात टाकलेला असतो, त्याची नोंद डिरेक्टरीत तशीच राहते आणि तीच आडवी येते, तेव्हा मेटाडेटा क्लीनअप, म्हणजे ती नोंद काढणं, आधी. सिसव्हॉल (सगळ्या डीसींवर असणारं सामायिक फोल्डर) अजून एफआरएसवर (ते डीसींमध्ये कॉपी करायची जुनी पद्धत) असेल तर २०१९ किंवा पुढचा डीसी जोडलाच जात नाही, तो वेगळा चेंज आहे, याच अर्जात कोंबू नका.

आता रोलबॅकचा, म्हणजे बिघडलं तर मागे कसं यायचं त्याचा रकाना. निम्मे अर्ज इथे मरतात. सगळे लिहितात "स्नॅपशॉट रिव्हर्ट करू", म्हणजे मशीनची आधी जपलेली स्थिती परत आणू. अरे बाबा, लेव्हल एका मशीनवर नसते, ती डिरेक्टरीत लिहिली जाते आणि सगळ्या डीसींवर पसरते, तुम्ही एकाला मागे नेलं तरी बाकीचे त्याला तीच लेव्हल परत देणार. अक्षता पडल्या की पडल्या. काही लेव्हल पॉवरशेलनी (विंडोजच्या कमांडनी) खाली आणता येतात, २०१६ वरून २०१२ आर२ वगैरे, पण त्यालाही अटी आहेत आणि २००३ वरून वर गेलात तर परत २००३ नाहीच. खरं मागे येणं म्हणजे फॉरेस्ट रिकव्हरी: सगळे डीसी बंद, प्रत्येक डोमेनचा एक बॅकअपवरून उभा, बाकीचे नव्याने. रकान्यात हेच प्रामाणिकपणे लिहा, बोर्डाला ते आवडत नाही पण पास होतं.

त्यासाठी जे कागद लागतात त्यातला एक कोणाकडेच नसतो, डीएसआरएम पासवर्ड (डीसी दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू करताना लागतो तो). डीसी बनवताना कोणीतरी टाकलेला, तो माणूस नोकरी सोडून गेलेला. घाबरू नका, डीसी चालू असताना एनटीडीएसयूटिल या कमांडने नवा टाकता येतो, पण आजच टाका, डीसी बंद पडल्यावर नाही. बॅकअपचा स्क्रीनशॉट चालत नाही, रिस्टोर करून बघितल्याचा पुरावा मागतात, आणि बरोबरच मागतात. बॅकअप टूम्बस्टोनच्या मुदतीपेक्षा (डिलीट केलेल्या नोंदीची खूण डिरेक्टरी जपते तो काळ) जुना नको, ती साधारण १८० दिवस, पण फार जुन्या फॉरेस्टमध्ये ६० सुद्धा असते, बघून घ्या. रेपॲडमिन आणि डीसीडायगचा (डीसींमधली देवाणघेवाण आणि तब्येत तपासणारी टूल्स) रिपोर्ट त्याच आठवड्याचा जोडा.

ॲप्लिकेशनवाल्यांची सही हा सगळ्यात वैताग. हजेरी नाहीतर पगाराचं जुनं सॉफ्टवेअर असतं आणि वेंडर फोन उचलत नाही. तरी पाठपुरावा करा, कारण डॉटनेट ३.५ (मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर बनवायचा पाया) वरची काही सॉफ्टवेअरं डोमेनची लेव्हल विचारतात आणि अनोळखी आकडा आला की एरर देऊन पडतात. २००३ वरून वर जाताना केआरबीटीजीटी या खात्याचा (लॉगिनची तिकिटं याच्या किल्लीने बंद होतात) पासवर्डही बदलतो, त्यात लॉगिनची बोंब होऊ शकते, तेव्हा सगळ्या डीसींवर केडीसी (ती तिकिटं देणारी) सर्विस रिस्टार्ट करायची वेळ अर्जात धरून ठेवा.

तारखेत पण फसतात. अर्ज "पाच दिवस आधी" म्हणजे कामाचे पाच दिवस, शनिवार-रविवार मोजायचे नाहीत. आणि शनिवारी रात्री एकला काम करणार असाल तर फॉर्मवर तारीख रविवारची, शनिवारची टाकलीत तर तुमची परवानगी शुक्रवारच्या रात्रीची निघते आणि वापरायच्या आत संपते. रविवारी ट्रान्स हार्बरला मेगाब्लॉक आहे का तेही बघा, नाहीतर ठाण्याहून येणारा दुसरा माणूस इथे पोचेपर्यंत दुपार.