मसाई पठारावरची रात्र आणि एका पिक्सेलचं गणित

दरवर्षी ऑगस्ट आला की फोनवर मेसेज फिरायला लागतात, आज रात्री उल्कावर्षाव आहे, गच्चीवर जा. तो पर्सिड्सचा वर्षाव, 12-13 ऑगस्टच्या आसपासचा. युरोप अमेरिकेत त्या दिवसांत छान उघडीप असते, पण आपल्याकडं त्या टायमाला गगनबावड्यात पाऊस कोसळत असतोय आणि कोल्हापुरात आठ आठ दिवस चांदणी दिसत नाही. त्यामुळं इथल्या माणसाला उल्कांचे फोटो काढायचे असतील तर मी सरळ सांगतो, ऑगस्टचा नाद सोडा आणि डिसेंबरची 13-14 तारीख धरा. तो जेमिनिड्सचा वर्षाव, म्हणजे मिथुन राशीतला. आकाश कोरडं, रात्र मोठी, आणि वर्षभरातल्या सगळ्यात भरघोस वर्षावांपैकी हा एक.

2023 ला योग चांगला जुळून आला होता. मार्गशीर्ष नुकताच लागलेला, 14 डिसेंबर म्हणजे पहिलाच गुरुवार, घरात आईनं लक्ष्मीचा घट मांडलेला. अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळं चंद्राची बारीक कोर संध्याकाळीच बुडाली. आरती झाली, नैवेद्याचं जेवण झालं आणि मी आणि मावसभाऊ पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर गेलो. (गावात आधी सांगून जावा, रात्री अनोळखी गाडी दिसली की लोकांना काळजी वाटते, ते बरोबरच आहे. आणि दाजीपूरच्या अभयारण्याचा विचारसुद्धा करू नका, रात्री आत जायला परवानगी नसते आणि गवा अंधारात अजिबात दिसत नाही.)

आधी हे काय असतं ते बघू. आज्जी म्हणायची तारा तुटला. तारा कधी तुटत नाही, तो जागच्या जागीच असतो. जेमिनिड्सच्या बाबतीत तुटतंय ते फेथॉन नावाच्या पाच-सहा किलोमीटरच्या एका दगडाचं. हा लघुग्रह 1983 ला आयरास या उपग्रहानं टिपलेल्या माहितीत सापडला. बाकी बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र लघुग्रहाचा. साधारण 17 महिन्यांत तो सूर्याला एक फेरी मारतो आणि जाता जाता सूर्याच्या इतक्या जवळ जातो, म्हणजे फक्त 2 कोटी 10 लाख किलोमीटरवर, की बुधसुद्धा कधी इतका जवळ जात नाही. तिथं त्याचा दगड भाजून निघतो. त्याच्यापासून पूर्वी सुटलेल्या भुग्याचा पट्टा त्याच्या वाटेवर पसरलाय आणि पृथ्वी दर डिसेंबरला त्या पट्ट्यातनं जाते. त्यातले कण बहुतेक तांदळाच्या कणीएवढे, पण सेकंदाला 35 किलोमीटर वेगानं हवेत घुसतात. कोल्हापूरहून निपाणीला त्या वेगानं सव्वा सेकंदाच्या आत पोचता येईल. साधारण 100 किलोमीटर उंचीवर हवेशी गाठ पडली की कण तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ आणि आजूबाजूची हवा दोन्ही चमकतात. आपल्याला दिसते ती रेघ त्या चमकीची.

सगळ्या उल्का मिथुनेतनं निघाल्यासारख्या का दिसतात? उसाच्या रानात बांधावर उभं राहून सरीकडं बघा. सगळ्या सऱ्या एकमेकींना समांतर असतात, पण लांब टोकाला त्या एका जागी मिळाल्यासारख्या वाटतात. उल्कासुद्धा एकमेकींना समांतरच येत असतात, आपण फक्त त्यांच्या तोंडासमोर उभे असतो. ती मिळायची जागा म्हणजे उद्गम बिंदू, आणि तो पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरच्या शेजारी आहे. कोल्हापुरातनं तो रात्री आठच्या सुमारास उगवतो आणि अडीचच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो. बिंदू जितका वर तितक्या उल्का जास्त, म्हणून खरी मजा मध्यरात्रीनंतर.

आता फोटोचं. नवीन मुलं मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे की शटर किती वेळ उघडं ठेवायचं, जास्त वेळ ठेवला तर उल्का जास्त ब्राईट येणार ना? नाही येणार. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा 20 मिलिमीटरची लेन्स आहे आणि 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा, म्हणजे 36 मिलिमीटर रुंद सेन्सरचा. त्याचा एक पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचा उजेड टिपणारा एक बारीक चौकोन, साधारण 6 मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हिशेब केला तर 100 किलोमीटर लांबचं जे काही आहे त्यातलं सुमारे 30 मीटर त्या एका पिक्सेलमध्ये मावतंय. उल्का आडवी चालली असेल तर ती एका सेकंदात 35,000 मीटर जाते. म्हणजे ते 30 मीटर ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागात, त्याहून जरा कमीच वेळात, पार करते. तुम्ही शटर 10 सेकंद उघडं ठेवा नाहीतर 30 सेकंद ठेवा, त्या पिक्सेलला उल्केचा उजेड मिळणार तो तेवढ्या हजाराव्या भागापुरताच, ती पुढं गेली की संपलं. तारा तसा नाही, तो जवळपास एकाच जागी बसून उजेड देत राहतो. आणि आकाशाचा जो मंद उजेड असतो तोसुद्धा पूर्ण वेळ साचत राहतो, म्हणजे शटर दुप्पट वेळ ठेवलं तर पाठीमागचं आकाश दुप्पट उजळ आणि उल्का होती तेवढीच. बारीक उल्का मग त्या उजेडात बुडून जातात.

मग उल्का उजळ कशानं येते? भिंगाच्या तोंडानं. कॅमेऱ्याबरोबर जी 18-55 मिलिमीटरची लेन्स येते ती 18 वर एफ 3.5 असते, म्हणजे उजेड आत यायचं भोक 18 भागिले 3.5, साधारण 5 मिलिमीटर, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं. आणि ती स्वस्तातली 50 मिलिमीटर एफ 1.8, तिचं भोक 28 मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. दाणा आणि नाणं शेजारी ठेवून बघा, क्षेत्रफळात जवळपास तीसपट फरक आहे. फक्त 50 मध्ये आकाशाचा तुकडा छोटा येतो, उल्का चौकटीबाहेरनंच निघून जायची शक्यता वाढते. म्हणून मला 20 ते 24 मिलिमीटर आणि एफ 1.8 किंवा 1.4 हे सगळ्यात बरं वाटतं, पण नसेल तर आहे त्या लेन्सनं सुरुवात करा, मोठ्या उल्का त्यातसुद्धा येतात.

त्या रात्री मी 20 मिलिमीटर, एफ 1.8, आयएसओ (म्हणजे कॅमेरा आलेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) 3200 आणि शटर 13 सेकंद ठेवलं होतं. गुरू ग्रह वर होता, त्याला स्क्रीनवर दहापट मोठा करून हातानं फोकस केला, टिपका सगळ्यात बारीक झाला की रिंगला चिकटपट्टी लावली. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाचं सेटिंग आठवणीनं बंद करा, ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि निम्मी रात्र वाया जाते. कॅमेऱ्याचं तोंड थेट मिथुनेकडं नाही केलं, मृगाकडं केलं, कारण उद्गम बिंदूजवळच्या उल्का आपल्या दिशेनंच येत असल्यामुळं आखूड दिसतात आणि 40-50 अंश लांबच्या लांबलचक. मग रिमोटला एकामागोमाग एक फोटो लावून दिले आणि चादर पांघरून आडवे झालो.

पठारावर एक वाजेपर्यंत वारं होतं. मग वारं पडलं आणि मी झोपेत ते ओळखलं नाही. लेन्सची काच उघड्या आकाशाकडं उष्णता टाकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होते, त्यामुळं हवेतलं बाष्प तिच्यावर जमतंय. वारं असेपर्यंत काचेला उबदार हवा मिळत राहते, ते थांबलं की लगेच दव. पावणेदोनला बघितलं तर मृगाचे बाण म्हणजे नुसते तीन पांढरे डाग. पाऊण तासाच्या फ्रेम गेल्या, आणि त्याच वेळात मावसभावानं डोळ्यानं अकरा उल्का मोजल्या होत्या, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. आता पॉवर बँकवर चालणारा लेन्सचा गरम पट्टा पहिल्या मिनिटापासून लावतो.

दुसरी अडचण उजेडाची. पठारावरनं आग्नेयेला कोल्हापूर शहराचा पांढुरका घुमट दिसतोय, आणि डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम, कारखान्यांचे दिवे आणि गुऱ्हाळांचा धूर खाली दरीत थरासारखा बसतो आणि खालचा उजेड त्यात अडकून पसरतो. पश्चिमेला मात्र सह्याद्री आणि पलीकडं कोकण, तिकडं बराच काळोख आहे. तिकडचाच कोपरा धरा. या वर्षावाच्या ताशी 150 उल्का असा जो आकडा सांगतात तो एकदम स्वच्छ काळ्या आकाशाचा आणि बिंदू थेट डोक्यावर असतानाचा असतो, गंगावेशीत गच्चीवर उभं राहून तेवढ्या दिसणार नाहीत.

घरी येऊन फ्रेम तपासायचं काम दोन दिवस चाललं. विमान असेल तर ठिपक्या ठिपक्यांची रांग येते. उपग्रह असेल तर सारख्या जाडीची रेघ आणि पुढच्या फ्रेममध्ये तिचाच पुढचा तुकडा. उल्का एकाच फ्रेममध्ये असते, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर, आणि मोठी असेल तर रेघेवर रंग बदलताना दिसतात. मॅग्नेशियममुळं हिरवट, सोडियममुळं पिवळा. जेमिनिड्समध्ये बऱ्याचदा सोडियम कमी भरतं, कारण सूर्याजवळच्या त्या भाजण्यात ते आधीच उडून गेलेलं असतं. पठारावर पडून काढलेल्या फोटोत एका दगडाच्या जुन्या प्रवासाची खूण बघायला मिळते, मला या सगळ्या छंदात हेच सगळ्यात जास्त आवडतं.

अजून एक. पन्नास उल्का एकदम पडताना दिसतात ते फोटो रात्रभरातल्या फ्रेम एकावर एक ठेवून बनवलेले असतात. त्यात चुकीचं काही नाही, उद्गम बिंदू त्यानंच समजतो, पण खाली तसं लिहायला पाहिजे, नाहीतर पोरं पहिल्यांदा येतात, दहा मिनिटांत दोन उल्का बघतात आणि नाराज होऊन परत जातात.

2026 ला 9 डिसेंबरच्या पहाटे अमावस्या संपते, म्हणजे 14 तारखेला चंद्र दहा-साडेदहाच्या आसपास मावळेल आणि तिथनं पहाटेपर्यंत अंधार मोकळा. मावसभावाला आत्ताच सांगून ठेवलंय, आणि या वेळी गरम पट्टे दोन घेणार आहे.