विषबाधेच्या बातमीमागचा साल्मोनेला

लग्नसराई आणि जत्रा सुरू झाल्या की सांगलीच्या पेपरात एक बातमी ठरलेली: ‘जेवणातून विषबाधा’. पंगत उठते, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खाटा अपुऱ्या पडून सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगायची वेळ येते. जाणता डॉक्टर आधी विचारतो, जेवला किती वाजता? दुपारी बासुंदी आणि दिवेलागणीलाच उलट्या, तर बहुधा स्टॅफिलोकोकस या जिवाणूनं बासुंदीत आधीच करून ठेवलेलं विष. मधे एक रात्र गेली, ताप भरला, मुरडा येऊन जुलाब लागले, तर साल्मोनेला या जिवाणूचा संशय. त्याला 6 ते 72 तास लागतात, कारण तो जिवंत पोटात जातो आणि मग कामाला लागतो. त्याच्या बाबतीत ‘विषबाधा’ हा शब्दच चुकीचा.

शब्द जुन्या समजुतीतून आलाय. एकोणिसाव्या शतकात युरोपातही सडक्या मांसात विष तयार होतं असंच मानत. 1888 मध्ये जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावात आजारी गाईचं मांस खाऊन पन्नासहून जास्त लोक आजारी पडले, एक दगावला. आउगुस्ट गेर्टनर यांना मांसात आणि मृताच्या शरीरात एकच जिवाणू सापडला. त्याच्या भाऊबंदांपैकी एक थिओबाल्ड स्मिथ यांनी 1885 मध्येच अमेरिकेत डुकरांतून वेगळा केला होता. नाव मात्र लागलं त्यांचे साहेब डॅनियल साल्मन यांचं. (साहेबाचं नाव लागायची रीत सगळीकडे सारखीच. सॅल्मन माशाचा इथं काही संबंध नाही.)

आपल्याकडचा ‘मुदतीचा ताप’, म्हणजे टायफॉइड, याच घराण्यातला. 1880 मध्ये एबर्ट यांनी त्याचा जिवाणू पाहिला, 1884 मध्ये गाफकी यांनी वाढवला, 1896 मध्ये विडाल यांची रक्तचाचणी आली. मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय त्याच्या दोनच वर्षं आधी, 1894 ला, सुरू झालेलं. टायफॉइडचा जिवाणू अंगावर व्हीआय (Vi) नावाचं वेष्टन ओढून आतड्यातून गुपचूप सटकतो, यकृत, प्लीहा, पित्ताशय गाठतो. त्याचा मार्ग मुख्यतः पाण्याचा. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती; असा पूर ओसरला की विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात ती अशाच जिवाणूंसाठी.

जुलाबवाला भाऊ मात्र दंगेखोर. जठराच्या आम्लातून वाचलेले जिवाणू लहान आतड्याच्या शेवटाला पोचतात. तिथं सुईसारखं एक यंत्र पेशीला टोचून आपली प्रथिनं आत सोडतात. 1998 मध्ये ही सुई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. टोचलेल्या पेशीचं आवरण लाटेसारखं उसळतं आणि जिवाणूला स्वतःच आत ओढून घेतं. दार फोडावं लागत नाही, घरधनीच उघडून देतो. आत तो एका पिशवीत राहतो, वाढतो. शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं, आतडं सुजतं, पाणी सुटतं.

पण आतड्यात आधीच नांदणारे कोट्यवधी जिवाणू बाहेरच्याला सहजी जागा देत नाहीत. 1954 मध्ये उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, तर एरवी लाखभर साल्मोनेला लागत तिथं दहाहून कमी पुरले. जुलाब लागले की मेडिकलवाल्याकडून मनानंच अँटिबायोटिक आणणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

मग हा एवढ्या गर्दीत जागा करतो कशी? उत्तर 2010 मध्ये मिळालं. सुजलेल्या आतड्यात आपल्याच पांढऱ्या पेशी जिवाणू मारायला जे जहाल रेणू सोडतात, त्यानं तिथल्या थायोसल्फेट या गंधकाच्या संयुगाचं टेट्राथायोनेट होतं. साल्मोनेला ते ऑक्सिजनच्या जागी वापरून श्वास घेतो. शेजारच्या बहुतेक जिवाणूंना ते जमत नाही. आग त्यानं लावायची आणि भाकरीही त्याच आगीवर त्यानंच भाजायची! गंमत अशी, की लॅबवाले 1923 पासून साल्मोनेला वाढवायला टेट्राथायोनेटचाच ब्रॉथ, म्हणजे जिवाणूंसाठीचं पातळ खाद्य, वापरत आलेत. शौचाचा नमुना त्यात घातला की बाकीचे मागे पडतात आणि हा फोफावतो, हे त्यांना ठाऊक होतं. रुग्णाच्या पोटातही तोच ब्रॉथ शिजतोय, हे कळायला 87 वर्षं गेली.